नाटकं बघा, जास्त जगा?

एखादा आकडा उगाच मनात रुतून बसतो. '३१ टक्के' हा तसा आहे. लंडनच्या दोन संशोधकांनी डिसेंबर २०१९मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो छापला. इंग्लंडातल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० माणसांची चौदा वर्षं नोंद ठेवली होती. नाटक, मैफल, संग्रहालय यांच्या वाटेलाच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, दर काही महिन्यांनी तिकडे फिरकणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी निघाला. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये १४ टक्क्यांनी. यावर पहिली शंका कोणीही घेईल: ज्याला तिकीट परवडतं त्याला चांगला डॉक्टरही परवडतो, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस नाटकाला जाईल कसा? शंका रास्त आहे. पण पैसा, शिक्षण, जुनी दुखणी, हिंडण्याफिरण्याची ताकद यांचा हिशेब केल्यावरही ३१चा आकडा उरला. तरीही निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केलं आहे. असा प्रामाणिकपणा असला की आकड्यावर थोडा विश्वास टाकावासा वाटतो.

मात्र मोजदाद झाली ती तिकीट काढून पाहिलेल्या कलेची. जात्यावर बसणारीला कुठलं तिकीट? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांच्या साथीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. एवढी कविता पहाटेच्या अंधारात, मूठमूठ दाणे वैरता वैरता रचली गेली आणि रचणारीला कोणी कवी म्हटलं नाही. दोघी समोरासमोर, एकच खुंटा, एकीनं ओवी उचलायची आणि दुसरीनं धरायची. हाताच्या फेऱ्याबरोबर ओळ पुढे सरकते, ओळीबरोबर श्वास लांबतो. भावाचं कौतुक, सासरचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीचा विठू, पुढे बाबासाहेबही ओवीत आले. उजाडल्यावर जे सासूसमोर उच्चारायची सोय नव्हती, ते जात्याच्या घरघरीत गळा मोकळा सोडून म्हणता येत होतं. यात औषध नेमकं कशात होतं? सुरात, लयीत, जोडीदारणीत, की बोलून टाकण्यात? तुळशीच्या काढ्यातून एक द्रव्य वेगळं काढावं तसं ते काढता येईल असं वाटत नाही. हे सगळं एकत्र येतं तेव्हाच त्याला कला म्हणायचं, आणि गुण यायचा तो त्या एकत्र येण्यालाच.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ओव्या गाऊन सासुरवास संपला का? नाही संपला. कला म्हणजे सोसण्याची ताकद वाढवून अन्याय टिकवणारी गुंगी, असं म्हणणाऱ्याकडे उदाहरणांची वाण नाही. पण गुंगीत गेलेला माणूस आपलं दुःख विसरतो. या बायांनी ते नाव घेऊन, तपशिलासकट सांगितलं आणि दुसरीला पाठ करायला लावलं. दुःख कमी झालं नसेल, पण ते एकटीचं राहिलं नाही. पिठाची गिरणी आली आणि त्यांचे खांदे सुटले. ते उत्तमच झालं, जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी महिनाभर दळून पाहावं. फक्त गिरणीच्या रांगेत ओवी सुचत नाही, आणि गेलेल्या जागेच्या बदल्यात त्यांना दुसरी जागा कोणी दिली नाही.

म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'रोज एक राग' लिहून देण्याची कल्पना मला फारशी रुचत नाही. तब्येतीसाठी म्हणून ऐकलेला मारवा चालण्याच्या व्यायामाइतकाच कंटाळवाणा होईल. लागते ती जागा, वेळ आणि सोबत: गावात भजनी मंडळाला खोली, नगरपालिकेच्या नाट्यगृहात परवडणारा दर, शाळेत चित्रकलेचा तास. हा खर्च हौसेच्या खात्यातून काढून आरोग्याच्या खात्यात मांडावा. आणि परीक्षा जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास गणिताला देणाऱ्या मुख्याध्यापकांना पालकांनी एकदा तरी जाब विचारावा.