वशिला आणि ओळख

वाचकहो, रुग्णाच्या घरी जाऊन तपासण्याची रीत आता बरीच मागे पडली आहे; तरीही काही घरांत माझे जाणे अजून सुरू आहे. अशाच एका घरी गेली अडीच वर्षे मी दर पंधरवड्याला जातो. घरातील आजी ऐंशी वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू दुबळी झाली. वाचा आणि बुद्धी मात्र शाबूत राहिली. मुलगा हयात नाही, सून बँकेत नोकरीस. त्यामुळे शुश्रूषेचा भार आपसूक नातीवर आला. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि नुकतीच वृत्तपत्रविद्येची पदविका घेऊन बाहेर पडली होती.

प्रत्येक भेटीत आजींचा रक्तदाब वहीत लिहून झाला की निघताना मी म्हणत असे, "नात असावी तर अशी!" हे कौतुक मनापासूनचे होते. परंतु आज मागे पाहताना जाणवते, की त्या कौतुकाने तिच्या दाराला बाहेरून कडी घातली. जिला सारे आदर्श म्हणतात, तिने 'मला बाहेर पडायचे आहे' हे कोणापाशी बोलावे? अडीच वर्षे मी आजींची नाडी पाहत होतो. शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे माझे लक्षच नव्हते.

एके दिवशी तिने डोकेदुखीची गोळी विचारली. सहज म्हणून तिच्या दंडाला पट्टा बांधला, तर रक्तदाब १४४/९४ भरला. एका मोजणीवरून निदान करू नये, हे खरे; पण सव्विसाव्या वर्षी हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगाही नव्हता. झोप तुटक, वजन उतरलेले. औषध लिहिण्याआधी मी विचारले, "घराबाहेरच्या माणसाशी शेवटचं कधी बोललीस?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "औषधाच्या दुकानातल्या दादांशी, काका. मंगळवारी."

मग हळूहळू सारे बाहेर आले. तिला जनसंपर्काच्या क्षेत्रात काम करायचे होते. "पण तिथं ओळखी लागतात," ती म्हणाली, "आणि माझी ओळख आता फक्त आजीच्या फिजिओथेरपिस्टशी आहे."

पलंगावरून आजींचा आवाज आला, "ओळखी लावून नोकरी? म्हणजे वशिलाच की! डॉक्टर, आमच्या घरात आजवर कोणी वशिला लावलेला नाही. हे तुम्हीच हिला सांगा."

आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांच्या मनात हीच अढी असते, म्हणून त्या दिवशी आजींना जे सांगितले तेच आपल्यालाही सांगतो. वशिला म्हणजे आपल्या पात्रतेत न बसणारी गोष्ट दुसऱ्याच्या वजनाने मिळवणे. त्यात रांगेतल्या दुसऱ्या कोणाचा तरी हक्क जातो. ओळखीत मागितली जाते ती माहिती: हे काम कसे असते, कोणते कौशल्य लागते, सध्या कोठे माणसे हवी आहेत. अशी विचारपूस केल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना किंवा चांगला शल्यविशारद शोधताना आपण चार ठिकाणी चौकशी करतोच. त्याला आपण वशिला म्हणत नाही.

या चौकशीत जवळच्यांपेक्षा दूरचे लोक अधिक उपयोगी पडतात, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका निबंधात दाखवून दिले. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नव्याने नोकरी मिळालेल्या लोकांचा त्यांनी अभ्यास केला. ज्यांना ओळखीतून काम मिळाले होते, त्यांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली तो माणूस तुम्हांला किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणारे सुमारे १७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणारे सुमारे २८ टक्के. कारण सोपे आहे. घरच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून.

घरात दीर्घ आजारपण आले, की नेमकी हीच दूरची माणसे आधी सुटतात. सख्खे नातलग फोन करत राहतात. पण जुनी वर्गमैत्रीण, बसमधली सोबतीण, वाचनालयातले गृहस्थ हे सारे सहा महिन्यांत दिसेनासे होतात. शुश्रूषा करणाऱ्याचे जग असे नकळत एका खोलीएवढे होऊन जाते.

आजी ऐकत होत्या. काही वेळाने त्यांनी उजव्या हाताने कपाटाकडे खूण केली. नातीने आतून एक जुनी, कडा फाटलेली फोनची वही काढली. चौतीस वर्षांच्या शिक्षकी पेशातले विद्यार्थी त्यात नोंदलेले होते. कोणी तलाठी, कोणी वकील, कोणी सहकारी बँकेत अधिकारी. आणि एक विद्यार्थिनी एका सेवाभावी संस्थेच्या जनसंपर्क विभागात. अडीच वर्षे ओळखी नाहीत म्हणून ती मुलगी झुरत होती, आणि ही वही तिच्यापासून पाच हातांवर पडून होती! आजींनी ती दाखवली नव्हती, कारण कोणी मागितली नव्हती.

पहिला फोन आजींनी स्वतः केला. बोलणे काय असावे, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवले होते. नोकरी मागायची नाही. "माझ्या नातीला तुझ्या कामाविषयी जाणून घ्यायचं आहे, वीस मिनिटं देशील का?" एवढेच विचारायचे. वीस मिनिटे झाली की आपणहून थांबायचे. शेवटी एकच प्रश्न, "आणखी कोणाशी बोलावं, असं तुम्ही सुचवाल?" दुसऱ्या दिवशी आभाराचे चार शब्द लिहून पाठवायचे, आणि महिन्याभराने त्या सल्ल्याचे पुढे काय झाले हेही कळवायचे. ज्याने वेळ दिला त्याला वेळ कारणी लागल्याचे समाधान मिळाले, तरच ओळख टिकते. दोन महिन्यांत अशी अकरा बोलणी झाली. सात जणांकडून पुढे काहीच निष्पन्न झाले नाही. आणि तेही स्वाभाविकच होते.

मधल्या काळात आजींना दुसरी शंका आली. "हे जनसंपर्कवाले सारवासारव करण्याचेच पगार घेतात ना, डॉक्टर?"

प्रश्न रास्त होता. आपल्याला जनसंपर्क अधिकारी दिसतो तो महापालिकेत, रेल्वेत किंवा मोठ्या रुग्णालयात. राज्य शासनाचे तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयच आहे. 'लोकराज्य' मासिक तेथूनच निघते. वृत्तपत्रांना निवेदन देणे, पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, लोकांच्या तक्रारी आत पोहोचवणे आणि संकटकाळी संस्थेच्या वतीने बोलणे, हे या कामाचे स्थूल स्वरूप. ते प्रामाणिकपणे करता येते तसे अप्रामाणिकपणेही. वैद्यकाच्या इतिहासात दोन्हींचे दाखले आहेत, आणि तेच मी आजींना सांगितले.

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन छापून आणले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध संशोधनातून पुढे येत असताना 'तसा पुरावा नाही' असा दिलासा त्यात दिला होता. जनसंपर्काच्या एका नामवंत कंपनीच्या सल्ल्याने आखलेल्या या मोहिमेने लोकांच्या मनात संशय टिकवून ठेवला, आणि त्याची किंमत असंख्य फुप्फुसांनी मोजली. याउलट १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणा अज्ञाताने सायनाइड मिसळले आणि सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने लोकांना सावध केले, सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या आणि पुढे ते औषध छेडछाड झाल्यास लगेच ओळखू येईल अशा मोहोरबंद वेष्टनात आणले. आज औषधाच्या बाटलीच्या तोंडावर जे सील आपण फोडतो, त्याच्या प्रसारामागे ही घटना आहे. वाईट बातमी लपवावी की वेळेवर सांगावी, एवढाच या दोन कथांमधला फरक आहे.

"वेळेवर सांगणं तर ही रोजच करते," आजी म्हणाल्या. ते खरेच होते. आजी आजारी पडल्यापासून नात रोज संध्याकाळी आठ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाच ओळींचा मजकूर पाठवत असे. आज काय खाल्ले, किती पावले चालल्या, डॉक्टर काय म्हणाले. घाबरवायचे नाही, पण लपवायचेही नाही. वाचून कोणाचा गैरसमज झाला तर लगेच दुरुस्ती. माझ्या वैद्यकीय भाषेचे घरगुती मराठीत रूपांतर ती इतके नेमके करी, की पुढे मी तिचेच शब्द इतर रुग्णांसाठी वापरू लागलो. तिच्या परिचयपत्रात या अडीच वर्षांची जागा तिने कोरी सोडली होती. मी म्हटले, "कोरी सोडू नकोस. 'कुटुंबातील ज्येष्ठ रुग्णाची शुश्रूषा' असं स्पष्ट लिही, आणि त्यात काय काय सांभाळलंस तेही लिही."

कामाचा नमुना हवा म्हणून मी तिला एक छोटे काम दिले. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाचे रक्तदाब व मधुमेह तपासणीचे शिबिर होते. त्याच्या निवेदनाचा कच्चा मजकूर मी लिहिला, तिने तो सुधारायचा होता. तिने पहिल्याच ओळीवर रेघ मारली. मी उत्साहाच्या भरात 'मधुमेहमुक्तीकडे वाटचाल' असे लिहिले होते.

"काका, एका दिवसाच्या तपासणीनं मधुमेह जाईल असं वाटेल लोकांना. कोणी गोळ्या बंद केल्या तर?"

मी निरुत्तर झालो. तिने पुढे माझे नावही खाली नेले, संघाचे वर आणले. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत, हा आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेचा नियम मला ठाऊक होता. पण कागदावर तो पाळला तिने. उपाशीपोटी यावे की नाही, जुने कागद आणावेत का, जिने चढावे लागतील का, हे ज्येष्ठांना पडणारे तीन प्रश्न मला सुचलेच नव्हते. तिने त्यांची उत्तरे ठळक अक्षरांत दिली. ते निवेदन स्थानिक वृत्तपत्रात जसेच्या तसे आले. तिच्या फायलीतला तो पहिला कागद.

अकरापैकी नवव्या बोलण्यातून पुढचा दुवा मिळाला. आज ती एका संस्थेत सकाळी नऊ ते दोन या वेळेत प्रशिक्षणार्थी म्हणून काम करते. सारे गोडच झाले असे मी म्हणणार नाही. त्या वेळेसाठी घरी मावशी ठेवल्या आहेत आणि नातीच्या तुटपुंज्या मानधनातला मोठा वाटा त्यांच्या पगारातच जातो. पहिल्या महिन्यात आजींची दुपारची गोळी दोनदा चुकली, तेव्हा नात नोकरी सोडायला निघाली होती. आजींनीच तिला अडवले. आता गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणि भिंतीवरचा तक्ता ही व्यवस्था नीट बसली आहे. तिचा रक्तदाब मी आठवडाभर घरी मोजायला लावला होता. सरासरी थोडी चढी होती, ती झोप आणि चालणे सुधारल्यावर उतरली. तरी दर तीन महिन्यांनी मी तिचाही पट्टा बांधतोच.

आणि आजी? त्यांचा डावा हात होता तसाच आहे. पण त्या वहीतल्या नावांपैकी तिघांचे फोन आता नियमाने येतात. सामाजिक एकटेपण हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक आहे, असे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालातही नोंदवले आहे. नातीसाठी उघडलेली वही आजींनाही असा आधार देऊन गेली.

ज्येष्ठ वाचकहो, आपल्या घरीही अशी एखादी वही असेल. तिच्यातली नावे आपल्याला जुनी वाटतात. आपल्या नातवंडांना ती नवीन असतात. या आठवड्यात ती काढा, एका नावावर बोट ठेवा आणि फोन लावा. आणि शुश्रूषा करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, आठवड्यातून एकदा तरी घराबाहेरच्या एका माणसाशी आजाराखेरीज दुसऱ्या विषयावर बोला. त्यात अपराधी वाटण्याजोगे काही नाही. पुढच्या वेळी डॉक्टर घरी आले, की रुग्णाचा रक्तदाब मोजून झाल्यावर आपलाही दंड पुढे करा. आम्हांला ते आपणहून सुचेलच असे नाही; मला तरी अडीच वर्षे सुचले नाही.