माळ घालण्याआधी



कीर्तनात दारूवर बोलणे सोपे असते. दारुड्याची नक्कल केली की मंडप हसतो आणि मायबहिणी डोळ्याला पदर लावतात. पालम, गंगाखेड, पूर्णा, लोहा या भागात चाळीसेक वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, पण नकलेने कुणाची दारू सुटलेली मी पाहिली नाही. आता गळा थकला आहे. म्हणून आज नक्कल बाजूला ठेवून सरळच बोलतो.

ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याला किती घ्यावी हा प्रश्नच नाही. पण आपल्या घरात सगळेच माळकरी नसतात. मुलगा असतो, जावई असतो, ऊसतोडीहून सहा महिन्यांनी परतलेला भाऊ असतो. त्यांच्यापाशी बोलायचे तर दारू शरीरात काय करते, हे आपल्याला ठाऊक हवे. नुसते पाप म्हणून भागत नाही.

दारू पोटात जाते, थोडी तिथे आणि बरीचशी लहान आतड्यात रक्तात मिसळते. पोट रिकामे असेल तर फार लवकर चढते. मग ती निस्तरण्याचे काम उजव्या बरगडीखालच्या यकृतावर पडते. यकृत तिचे आधी एक जहाल द्रव्य करते, मग ते सौम्य करून बाहेर काढते. या कामाला त्याची स्वतःची गती आहे. तासाला सात ते दहा ग्रॅम मद्यार्क, त्याहून फारसे जास्त नाही. आता हिशेब करा. विदेशी दारूची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. तिच्यात सुमारे साठ ग्रॅम मद्यार्क असतो. रात्री दहाला क्वार्टर संपवणाऱ्याच्या अंगात ती काकड्याच्या वेळेलाही असते. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यांनी माणूस जागा होतो, पण रक्तातली दारू उतरत नाही. तिला वेळच लागतो.

हे मी दिंडीच्या गाडीवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो. रात्री घेतलेला माणूस पहाटे “आता उतरली” म्हणत टेम्पोवर बसतो. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची हद्द घातली आहे, पण गाडीपुढे शेकडो वारकरी चालत असतात तेव्हा आपली हद्द शून्यच असावी. चालकाला तसे आधीच सांगावे. त्यात संकोच कसला?

दोन समजुती आपल्याकडे फार आहेत. एक, पावसात भिजल्यावर घोटभर घेतली की ऊब येते. खरे उलटे आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून अंग गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. दुसरी, थोडी घेतली तर औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की निर्धोक म्हणावे असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. गळ्यावर पोट असणाऱ्या गायक-वादकांनी हे ध्यानात ठेवावे.

एवढे ऐकूनही जो घेणारच, त्याला निदान इतके सांगा. उपाशी पोटी नको, झोपेच्या वा दुखण्याच्या गोळीबरोबर नको, गाडी चालवायची असेल तर नको. गर्भार बाईने तर थेंबही नको. आणि हातभट्टी कधीच नको. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. अशा दारूत मिथेनॉल असते, त्याचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. रंगावरून, चवीवरून ते ओळखू येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आपल्याकडे सप्ताहात काल्याच्या दिवशी माळ घालायची रीत आहे. एका वर्षी आमच्या पंचक्रोशीतल्या एका मुकादमाने अशीच माळ घातली. पंधरा वर्षांची रोजची दारू, सकाळपासूनची. त्याने ती त्याच दिवशी बंद केली. सगळ्या गावाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडू लागला, बायकोलाही ओळखेना. कुणी म्हणाले बाहेरची बाधा, कुणी म्हणाले देवाची परीक्षा. गावच्या आशाताईंनी मात्र कुणाचे ऐकले नाही. जीप बोलावली आणि त्याला परभणीला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर जीव गेला असता.

माउली, ही बाधा नव्हे. वर्षानुवर्षे रोज दारू मिळालेला मेंदू तिच्यावरच बेतून चालत असतो. ती एकाएकी तुटली की तो बेफाम होतो. पहिल्या दिवसापासून थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भ्रम, ताप, बडबड. दवाखान्यात मेंदू शांत करणारे औषध देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात आणि काही दिवसांत माणूस सावरतो. घरात कोंडून, बांधून ठेवून तो सावरत नाही.

तो मुकादम दहा दिवसांनी परत आला. माळ गळ्यातच होती, आजही आहे.

म्हणून माळ मागायला आलेल्या माणसाला आधी विचारावे, “बाबा, किती घेतोस? किती वर्षांपासून? सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर राहतो का?” हात स्थिर राहत नसेल, तर पहिली वाट दवाखान्याची, मग मंडपाची. यात माळेचा मान कमी होत नाही. निश्चय माळेने टिकतो, शरीर औषधाने टिकते, आणि दोन्ही देवानेच दिले आहे. सरकारचा १४४४६ हा नशामुक्तीचा फोन आहे, तिथे विचारायला पैसे लागत नाहीत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे.

आणखी एक. सुटलेली दारू काहींची पुन्हा लागते. अशा वेळी आपण त्याची माळ काढून घेतो आणि पारावर नाव ठेवतो. लाजेने तो पुन्हा भट्टीकडेच जातो. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबूजी लहान पोर होता. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने रिवाजाचे दारू-मटण टाळून गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, पण तो बधला नाही. बाबा पुढे कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. पडलेल्या माणसाशी आपणही तसेच बोलावे. “का प्यालास?” असे दरडावू नये. “कोणत्या वेळी राहवत नाही?” असे विचारावे. ती वेळ बहुधा संध्याकाळची असते. त्या वेळी त्याला हरिपाठाला बोलवा, टाळ हातात द्या, शेजारी बसा. माळ तुटली तर मणी गोळा करून पुन्हा ओवता येतात.

येत्या आषाढीला तुमच्या दिंडीत असा एखादा नवा माळकरी असेल. तो गप्प असेल, त्याचा हात कापत असेल. त्याला मागे ठेवू नका. त्याच्या जोडीला एक माणूस द्या, आणि मुक्कामाच्या गावी दवाखाना कुठे आहे ते आधी विचारून ठेवा.