जावक क्रमांक ३

माझे वडील, अण्णा, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्तीनंतरही सकाळी दहाच्या सुमारास आमच्या साताऱ्याच्या घराच्या ओट्यावर कोणी ना कोणी अर्ज लिहून घेण्यासाठी बसलेले असे. कोणाचे रेशनकार्डावरचे नाव चुकलेले, कोणाचे निराधार योजनेचे पैसे अडलेले, कोणाची सातबाऱ्यावर वारसनोंद झालेली नसायची. अण्णा आधी सगळी हकीकत ऐकून घेत आणि मग कागदाखाली कार्बन ठेवून लिहू लागत. विषय, संदर्भ, थोडक्यात हकीकत, मागणी, सोबत जोडलेली कागदपत्रे. वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, जणू आमचा ओटा हीच एक कचेरी होती. 'कृपावंत होऊन' आणि 'आपला आज्ञाधारक' या दोन शब्दप्रयोगांना त्यांच्या अर्जांत मज्जाव होता.

२०२४ च्या मार्च महिन्यात लेस्टरमध्ये बसून मला असा अर्ज स्वतःसाठी लिहावा लागला. तो एका समाजमाध्यम कंपनीकडे होता. त्याची हकीकत लिहावी असे आपल्या मंडळातील दोघी-तिघींनी सुचवले. कोणावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा हा हेतू आहेच. परंतु मला सांगायचे आहे ते त्याहून थोडे निराळे आहे.

२ मार्च, शनिवार. रात्रपाळी संपवून घरी आले, चहा टाकला आणि फोन उघडला. पडद्यावर चार ओळी होत्या. माझे खाते बंद करण्यात आले आहे, माझे वर्तन नियमांशी सुसंगत नाही, १८० दिवसांत दाद मागता येईल, न मागितल्यास खाते कायमचे नष्ट होईल. कोणता नियम मोडला आणि कधी मोडला, याविषयी अक्षर नव्हते.

त्या खात्यात चौदा वर्षे होती. मुलांचे जन्म, लग्नकार्ये, दीक्षाभूमीवरची छायाचित्रे हे सारे आलेच. त्याखेरीज आमच्या मंडळाचे पान माझ्या एकटीच्याच ताब्यात होते आणि १४ एप्रिल सहा आठवड्यांवर आला होता. सभागृहाचा पत्ता, वेळ, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेचे विषय, सगळे त्या पानावरून कळवायचे होते. (एका पानाला एकच व्यवस्थापक ठेवणे हा निष्काळजीपणा होता. आता तिघे आहेत.) पण खरी धास्ती वेगळीच होती. अण्णा नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले. त्याआधीची तीन वर्षे ते मला त्याच खात्यावर व्हॉइस मेसेज पाठवीत. टंकलेखनावर आयुष्य काढलेल्या या माणसाला फोनवरची बारीक अक्षरे दिसत नसत, म्हणून ते बोलत. मी ते संदेश कुठेही उतरवून ठेवले नव्हते. आहेत तिथे ते सुरक्षित आहेत, असेच मी धरून चालले होते.

पहिले दोन दिवस मी जे केले ते करू नये. रागाच्या भरात नवे खाते उघडले. तेही काही तासांत बंद झाले, कारण बंदी टाळण्यासाठी दुसरे खाते काढणे हा त्या व्यवस्थेत आणखी एक अपराध ठरतो. मग यजमानांनी ओळखीच्या लोकांत चौकशी केली आणि त्याच संध्याकाळी एक गृहस्थ स्वतःहून अवतरले. आपण 'रिकव्हरी एक्स्पर्ट' आहोत, कंपनीत आपला माणूस आहे, १२० पौंड पाठवा आणि फोनवर येणारा सहा अंकी कोड तेवढा सांगा. मी पैसे पाठवायला निघाले होते, हे कबूल करते. कोड मागितल्यावर यजमानांनी फोन हातातून काढून घेतला. आमच्या एका परिचितांनी असेच दीडशे पौंड घालवले आणि वर त्यांचे ईमेल खातेही गेले. कंपनीच्या आत कोणाचाही माणूस नसतो. दाद मागायची ती त्यांच्याच खिडकीवर, आणि ती फुकट असते.

त्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, तुम्ही कोण? फोनसमोर मान डावीकडे-उजवीकडे फिरवून चेहरा दाखवला. पासपोर्टचे छायाचित्र पाठवले. उत्तर आले की नाव जुळत नाही. ते जुळणार कसे? पासपोर्टवर रोमन लिपीत सासरचे आडनाव होते. खात्यावर देवनागरीत माझे नाव आणि त्यापुढे अण्णांचे नाव, आडनाव नाहीच. आडनाव गाळण्याचे कारण आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. गावाकडे आडनाव विचारले जाते ते पुढचा प्रश्न विचारावा लागू नये म्हणून. दुसऱ्या प्रयत्नात मी पासपोर्टचे शेवटचे पानही जोडले. भारतीय पासपोर्टच्या त्या पानावर वडिलांचे, आईचे आणि जोडीदाराचे नाव छापलेले असते. ६ मार्चला ओळख मान्य झाली. अण्णांच्या नावाने माझे काम पुढे सरकले, याचा मला त्या धावपळीतही आनंद झाला.

आता अर्जाची चौकट उघडली. तीत मावतील अशा थोड्याच ओळी लिहायच्या होत्या. मी अण्णांच्या पद्धतीने लिहायला बसले आणि 'थोडक्यात हकीकत' या ठिकाणी अडले. हकीकत कशाची लिहायची? आरोपच माहीत नव्हता. 'माझ्या हातून काही नियमबाह्य घडले नाही, कृपया पुन्हा तपासावे' एवढेच लिहिता आले. १५ मार्चला उत्तर आले की फेरतपासणी झाली असून निर्णय कायम आहे.

अण्णांना संविधानातील अनुच्छेद ३११ फार प्रिय होता. सरकारी नोकराला बडतर्फ करायचे असेल तर त्याच्यावरील आरोप आधी त्याला कळवले पाहिजेत आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे त्यात आहे. कचेरीत एका शिपायाला विनाचौकशी काढायला निघाले होते, तेव्हा अण्णांनी रात्री बसून त्याचा अर्ज लिहिला आणि शिपाई कामावर राहिला. हा प्रसंग ते दर १४ एप्रिलला सांगत. आम्हां भावंडांना तो पाठ होता. खासगी कंपनीला ३११ लागू नाही हे मला कळते. तरी तत्त्व तेच. गुन्हा सांगितल्याशिवाय बचाव मागणे म्हणजे बंद दारावर थाप मारायला लावणे होय.

माझा मावसभाऊ डब्लिनला असतो. त्याने सांगितले की युरोपीय संघात डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला आहे. तेथे खाते बंद करताना कंपनीला कारणे द्यावी लागतात, तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोपवता येत नाही आणि न्यायालयाबाहेरच्या प्रमाणित तंटा-निवारण संस्थेकडेही जाता येते. ब्रिटन संघाबाहेर पडल्यामुळे हे आम्हांला मिळत नाही. मात्र इथल्या माहिती संरक्षण कायद्यात एक जुनी, साधी तरतूद आहे. एखाद्या संस्थेकडे आपल्याविषयी जी माहिती असेल तिची प्रत आपण मागू शकतो. त्यासाठी सहसा शुल्क नाही, ठरावीक नमुना नाही, आणि उत्तर एका महिन्यात द्यावे लागते. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने घेता येतात. ते न आल्यास माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

१६ मार्चला मी तो अर्ज पाठवला. माझे सर्व संदेश, छायाचित्रे आणि ध्वनिफिती यांची प्रत द्यावी. खाते बंद करण्याच्या निर्णयाशी निगडित माझी जी माहिती असेल ती द्यावी. निर्णय केवळ यंत्राने घेतला असल्यास तसे कळवावे. वहीत नोंद केली, जावक क्रमांक १. मग ड्युट्या केल्या, वाट पाहिली. यंदाची जयंती पानाविना झाली. भगिनींनी घरोघर फोन करून निमंत्रणे दिली आणि सभागृह नेहमीपेक्षा जास्त भरले, याची मला किंचित खंतही वाटली.

१५ एप्रिलला उत्तर आले. सोबत एक भलीमोठी फाईल होती. तिच्यात एका तक्त्यात एकच नोंद वेगळी होती : द्वेषपूर्ण भाषा, २७ फेब्रुवारी.

२७ फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी मी अण्णांच्या वहीतला दोन पानी मजकूर टंकून टाकला होता. अण्णांनी आपले बालपण एका वहीत लिहून काढले होते. ही दोन पाने पाणवठ्यावरची होती. नऊ वर्षांचा मुलगा डबा घेऊन दूर उभा आहे, कोणी वाढेल तेव्हा पाणी मिळणार, आणि तोवर जो येतो तो त्याला जातीच्या नावाने, पुढे शिवी जोडून हाका मारतो. गावाने दीक्षा घेऊन दोन वर्षे झाली होती. हाक तीच राहिली होती. तो शब्द त्या दोन पानांत अकरा वेळा आला आहे. मी मोजले.

यंत्रानेही मोजले असणार. त्याला शब्द दिसला. तो कोणाच्या तोंडचा आणि कोणाच्या हातचा हे दिसले नाही.

येथे मला प्रामाणिकपणे थांबावे लागते. तो नियम चुकीचा आहे, असे मी म्हणू शकत नाही. जातीवरून होणारी शिवीगाळ ही द्वेषपूर्ण भाषा मानली जावी, यासाठी आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. आपल्या मुलींच्या छायाचित्रांखाली काय काय लिहिले जाते ते आपण सर्वांनी वाचले आहे. तो नियम उद्या काढून टाकला, तर त्याचे चटके आपल्यालाच बसतील. म्हणजे आपल्या रक्षणासाठी मागितलेल्या कुंपणात आपलाच साक्षीदार अडकला. मूकनायकाची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार मिळाला होता, ही आठवण माझ्या मनात आली आणि मी ती लगेच बाजूला सारली. तेथे माणसाने ओळखून दार लावले होते. येथे कोणी ओळखलेच नव्हते. दोन्हींत फरक आहे, आणि तो जपला पाहिजे.

मग दुसरा अर्ज लिहिला, जावक क्रमांक २. या वेळी हकीकत लिहिता आली. हा मजकूर माझ्या दिवंगत वडिलांच्या आत्मकथनातील आहे. संबंधित शब्द त्यांना उद्देशून वापरला गेला, त्यांनी कोणाला उद्देशून वापरलेला नाही. ते स्वतः त्याच समाजातील होते. अत्याचाराची साक्ष देणे आणि अत्याचार करणे या भिन्न गोष्टी आहेत. यंत्राने घेतलेल्या निर्णयाचा माणसाने फेरविचार करावा. सोबत वहीच्या दोन्ही पानांची छायाचित्रे आणि इंग्रजी भाषांतर. एकूण पंधरा ओळी. पहिल्या मसुद्यात मी 'आपल्या सहानुभूतीची अपेक्षा आहे' असे लिहिले होते, ते खोडले.

उत्तराची वाट पाहताना मी ती फाईल उलगडत गेले. अण्णांचे त्रेसष्ट व्हॉइस मेसेज होते. बहुतेकांत काहीच नाही : पाऊस झाला, गुडघा दुखतो, तुझ्या आईने शेवग्याची भाजी केली, तिकडे थंडी किती. ते सारे मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवले, आणि आपणही आजच ठेवावे असे आग्रहाने सांगते. सप्टेंबर २०१७ मधला एक संदेश मी पार विसरले होते. वहीची टंकलिखित प्रत करताना मी त्यांना विचारले असणार, की हा शब्द ठेवायचा की टिंबे द्यायची. आधी खोकला, मग कप बशीत ठेवल्याचा आवाज, मग अण्णा :

"पोरी, तो शब्द तसाच राहू दे. म्हणणाऱ्याला लाज वाटली नाही, मग लिहिणाऱ्यानं का लाजायचं? टिंबं दिलीस तर त्या लोकांचीच अब्रू झाकल्यासारखं होईल. आणि भाजीला जिरं कमी टाकत जा, तुझ्या आईनं सांगितलंय."

७ मे रोजी, ६६ व्या दिवशी, खाते उघडले. मंडळाचे पान परत मिळाले, छायाचित्रे जागच्या जागी होती. 'चुकीबद्दल दिलगीर आहोत' अशी एक ओळही होती. ती माणसाने लिहिली की यंत्राने, हे तिच्यावरून कळत नाही.

२७ फेब्रुवारीची जागा मात्र रिकामी होती. खाते परत मिळाले म्हणजे मजकूर परत मिळाला असे नाही. काढलेल्या मजकुरासाठी वेगळी दाद मागावी लागते. धाकटा मुलगा म्हणाला, "आई, त्या शब्दाच्या जागी टिंबे दे आणि पुन्हा टाक, प्रश्न मिटला." तो व्यवहारी आहे आणि त्याचे म्हणणे चूक नाही, पुन्हा तोच शब्द टाकला तर खाते पुन्हा जाऊ शकते, मंडळाच्या पानालाही त्रास होऊ शकतो. मी टिंबे दिलेली प्रत तयार केली. वाचून पाहिली. पाणवठा होता, डबा होता, ऊन होते, आणि कोणी कोणाला काहीच म्हणत नव्हते.

ती प्रत मी टाकली नाही. त्याच रात्री मजकुरासाठीचा स्वतंत्र अर्ज लिहिला आणि सोबत अण्णांचा तो संदेश शब्दशः उतरवून, भाषांतरासह जोडला. जिऱ्याचे वाक्य तेवढे वगळले. उत्तर अजून आलेले नाही. पोच मिळाली आहे. वहीत नोंद आहे, जावक क्रमांक ३.