गाइड घेण्याआधी

डोंगरकडा, ता. कळमनुरी

चि. ताईस,


नांदेडच्या दुकानातून तू पाठवलेली यादी पाहिली. प्रत्येक विषयाचं गाइड, प्रश्नसंच, सीनियरच्या नोट्स, वर एक महागडा ऑनलाइन कोर्स. केळीच्या पट्टीतून हे पैसे उभे करायचेत म्हणून नव्हे, तुझ्या कायद्याच्या अभ्यासासाठीच सांगतो: यातलं बरंचसं आत्ता घेऊ नकोस. आधी बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, घे. मूळ कलमच वाचलेलं नसेल, तर गाइड चुकलं तरी तुला कळायचं कसं?

करार कायद्यात लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा 1913 चा खटला तुला लवकरच भेटेल. मालकाच्या घरातला मुलगा हरवला, त्याला शोधायला मुनीमाला हरिद्वारला धाडलं. मागाहून मालकाने 501 रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुनीमाने मुलगा शोधला, पुढे बक्षिसासाठी दावा लावला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयात तो हरला. गाइडात कारण एका ओळीत मिळतं: बक्षीस ठाऊकच नव्हतं, म्हणून स्वीकृती नाही. निकालपत्र वाचलंस तर दुसरं कारणही दिसेल. शोधायला जाण्याचं काम त्याने आधीच पत्करलं होतं. जे करणं आधीच बंधनकारक, ते नव्या वचनाचं प्रतिफल कसं ठरेल? परीक्षेत घटना थोडी बदलून विचारली, की एका ओळीवाला विद्यार्थी अडकतो. निकाल अगदी छोटा आहे. ‘इंडियन कानून’वर असे निकाल फुकट वाचता येतात, सर्वोच्च न्यायालयाचे ‘ई-एससीआर’वर मिळतात, आणि केंद्राचे कायदे ‘इंडिया कोड’वर.

जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतील. करार कायदा 1872 चाच आहे, तिथे जुनं पुस्तक खुशाल चालव. फौजदारीचं मात्र तारीख पाहून घे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाची शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेत कलम 302 मध्ये होती, आता कलम 103 मध्ये आहे. नव्या संहितेतलं 302 धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. तरी दंड संहिता विसरू नकोस. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले तिच्याखालीच चालतात.

पुण्या-मुंबईच्या नोट्सची आणखी एक अडचण. त्यांत कुळकायदा म्हणजे 1948 चा मुंबईचा. आपल्या मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागतो. तुला पुढे इथेच वकिली करायची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

इंग्रजी कलमं जड जातील. भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ जवळ ठेव. तालुक्याच्या कोर्टात अशील मराठीतच बोलणार आहे. इंग्रजी कलम त्याला मराठीत समजावता आलं, तर ते तुला कळलं असं मी धरतो. गाइड परीक्षेच्या आधी उजळणीला घे, त्याला माझी ना नाही. सीनियरच्या नोट्स झेरॉक्स करण्यापेक्षा स्वतःच्या लिही.

घरी येशील तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर घेऊन ये. व्यापाऱ्याने बागेत येऊन तोंडी भाव ठरवला, इसार दिला नाही, आणि कटाईच्या दिवशी फिरला. करार झाला होता का? करार कायद्याचं कलम 2 आणि 10 वाच, गाइड उघडू नकोस. उत्तर चुकलं तरी चालेल, कलम दाखवून बोल. बेअर ॲक्टचे पैसे आजच पाठवतो.

तुझा,
मामा