घरचे मस्तक

आमच्या बीड जिल्ह्यात ख्रिस्ती लग्नाला जावे, तर पाळकसाहेब उपदेशाला उभे राहताच कोणता शास्त्रपाठ निघणार, हे वऱ्हाडी मंडळी बहुधा ओळखून असतात. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय! पती हा पत्नीचे मस्तक आहे, असे तेथे म्हटले आहे. ते ऐकून पुरुषांच्या माना डोलतात आणि बायका मुकाट्याने पदर सावरतात. माझ्या मनात मात्र दर वेळी एकच प्रश्न येतो: मस्तक म्हणजे हुकूम सोडणारे की भार वाहणारे?

प्रश्न शब्दाचा असला, तरी शब्दापुरता नाही. नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलेल्या एका मुलीला हाच पाठ वाचून परत धाडलेले मी पाहिले आहे.

दिवाळी सरत आली की आमच्याकडची कितीतरी घरे कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळ्या बांधायच्या, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. म्हणजे हिशेबाच्या वहीत मस्तक एकाचे आणि मोळीखाली दोघांचे!

आता पौलाचे म्हणणे नीट वाचावे. पत्नीला अधीनतेचा उपदेश करण्याआधी तो सर्वांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो. सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत तर पत्नीविषयीच्या वाक्याला स्वतंत्र क्रियापदच नाही. ते मागच्या वाक्यातून घ्यावे लागते. पुढे पतीला जे सांगितले आहे, ते अधिक लांब आणि अधिक जड आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला, तशी प्रीती कर. 'केफाले' या मूळ शब्दाचा अर्थ अधिकार की उगम, यावर पंडितांचा वाद आहे. तो मिटेल तेव्हा मिटो. पण प्राण देण्याच्या आज्ञेतून हात उगारण्याची परवानगी कशी निघते?

कोणी उत्पत्तीचा तिसरा अध्याय काढतात. पुरुष स्त्रीवर सत्ता चालवील, असे तेथे आहेच. परंतु ते पापानंतरचे दुःख म्हणून आहे, आणि त्याच ठिकाणी जमिनीत काटेकुसळे उगवतील, असेही आहे. म्हणून आमचा शेतकरी खुरपे टाकून बसतो काय?

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. बिशपांनी हरकत घेतली. बाईंना नवल वाटले; कारण त्यांच्या वडिलांनी किंवा पतीने अशी हरकत कधीच घेतली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तर लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले होते. बाईंनी पुढे हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून स्वतःच बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनी खिळे जुळवून छापलेला तो संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एका बाईने आरंभापासून अखेरपर्यंत भाषांतरिलेल्या शास्त्रात तो 'मस्तका'चा पाठही आलाच!

घरात शेवटचा शब्द कोणाचा तरी असावा लागतो, असे वडीलधारे म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. कर्ज काढायचे, मुलीची शाळा सोडवायची, तर कोणीतरी निर्णय घेणारच. मात्र तो शब्द बोलण्याआधी मोळीचे ओझे कोणाच्या मानेवर आहे, हे पाहावे आणि तिला विचारावे. ज्याला ती मोळी उतरवून आपल्या डोक्यावर घेता येते, त्याला मस्तक म्हणायला कोणतीही बायको नाही म्हणणार नाही.