नकाशा आधी जमिनीवर

चि. सोनू,


तुझं पत्र मिळालं. तिसरीची मुलं वर्धा जिल्ह्याचा नकाशा सुबक रंगवतात, पण ‘हिंगणघाट दाखव’ म्हटलं की बोट भलतीकडेच जातं, असं तू लिहिलंस. यात मुलांचं काहीच चुकत नाही. आपण उभे आहोत ती जागा कागदावर कशी उतरते, हे त्यांनी अजून पाहिलेलंच नाही.

पहिलं काम म्हणजे वर्गातला भिंतीवरचा नकाशा खाली काढ. जमिनीवर अंथर आणि त्याची उत्तर गावाच्या उत्तरेकडे येईल असा फिरव. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर आभाळाकडे जाते आणि दक्षिण फरशीकडे. मग चंबळ उत्तरेकडे वाहते म्हटलं की मुलं अडतात, कारण नदी वर कशी चढेल? गावातल्या मुलांना उगवत-मावळत तुझ्यामाझ्यापेक्षा चांगली ठाऊक असते. कुणाचं वावर कुठल्या बाजूला, गोठ्याचं तोंड कुठे, हे ती न अडखळता सांगतील. ते ज्ञान वर्गात आण.

लहान मूल घर काढतं ते समोरून: दार, खिडकी, उतरतं छप्पर. वरून पाहायला मुद्दाम शिकवावं लागतं. चप्पल, डबा, तांब्या, पेला फरशीवर ठेव आणि खडूने कडेकडेने रेघ मारायला सांग. वस्तू उचलली की उरते ती तिची नकाशातली आकृती. चप्पल लगेच ओळखू येईल. तांब्या आणि पेला मात्र दोन्ही गोल, आणि त्यावरून वाद होईल. होऊ दे. कुठला गोल कशाचा हे लिहून ठेवायला हवं, असं त्यांच्यातलंच कुणी म्हणेल, आणि त्या क्षणी नकाशाची सूची जन्माला येईल. पुस्तकातली ठरावीक चिन्हं त्यानंतर दाखव. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात पाणी निळं आणि जंगल हिरवं का, हे मग सांगावंही लागणार नाही.

मुलं लहान आहेत, हे झेपेल का, असं तू विचारलंस. ज्युडी डिलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा 1987 सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका खोलीची छोटी प्रतिकृती करायची, तिच्यात इवलंसं खेळणं मुलादेखत लपवायचं आणि तसंच मोठं खेळणं खऱ्या खोलीत शोधायला सांगायचं. अडीच वर्षांची मुलं गोंधळली, तीन वर्षांच्या बहुतेकांनी नेमकं शोधलं. तुझी मुलं तर आठ वर्षांची आहेत.

तेव्हा हाच खेळ शाळेच्या आवारात मांड. एका गटाने आवाराचा नकाशा काढायचा, हातपंप, कडुलिंब, स्वयंपाकाची खोली, फाटक, सगळं दाखवायचं, आणि चेंडू लपवून तिथे फुली मारायची. दुसऱ्या गटाने तो कागद घेऊन निघायचं. चेंडू सापडला नाही तर दोन्ही गट एकमेकांना जाब विचारतील, आणि कडुलिंब हातपंपाच्या कुठल्या अंगाला हे जाऊन बघून येतील. तू लाल शाई काढूच नकोस. नकाशा बरोबर की चूक हे त्याच्यावर विसंबून चालणाऱ्याने ठरवायचं. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. पुस्तकावरून उतरवलेल्या नकाशाला अशी परीक्षा कधीच द्यावी लागत नाही, म्हणून तो मनात राहत नाही.

प्रमाणासाठी पावलं पुरेत. चौकटीच्या वहीत एक घर म्हणजे एक पाऊल. कुणी आपला वर्ग मैदानाएवढा काढला तर खोडू नकोस, मोजायला पाठव. आणि त्या दिवशी त्यांना नैनसिंह रावतांची गोष्ट सांग. कुमाऊंतल्या मिलम गावचा हा माणूस तुझ्यासारखाच शाळामास्तर. डेहराडूनला त्यांनी एकसारखं पाऊल टाकण्याचा सराव केला आणि यात्रेकरूच्या वेषात ल्हासा गाठलं. हातातल्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा आणि नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवायचे. 1877 साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. शिवाय भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला 1802 साली सुरुवात करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये वारले ते तुमच्या हिंगणघाटला, मोजणीचं काम चालू असतानाच. त्यांची कबरही तिथेच आहे. मुलांना हे माहीत असायलाच हवं.

दिशांबाबत एक जपून सांग. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. डिसेंबरात तुमच्याकडे तो जवळजवळ 25 अंश दक्षिणेला सरकलेला असतो. म्हणून हिवाळ्यात मैदानात एक काठी सरळ रोव आणि अकरापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला लाव. सर्वांत आखूड सावली ज्या दिशेला पडेल ती उत्तर. घड्याळात बरोबर बाराला ती आखूड होणार नाही, थोडी उशिरा होईल, कारण आपलं घड्याळ आपल्याहून पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. हे आत्ता समजावत बसू नकोस, पण कुणी विचारलं तर टाळू नकोस.

मोबाइलवरचा नकाशा शेवटी दाखव. आपण काढलेला गाव आधी हातात असला, की उपग्रहचित्रात पांदण आणि नाला शोधायला मुलांची झुंबड उडेल. आधी दाखवलास तर ती निळ्या ठिपक्यामागे जातील, आजूबाजूला पाहणार नाहीत.

आणि पटवाऱ्यांना भेट. गावनकाशा मुलांना पाहू द्यावा अशी विनंती कर. गटांच्या त्या वेड्यावाकड्या आकृत्यांत प्रत्येकाला आपलं वावर शोधू दे. ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांच्याकडे शाळा, देऊळ, विहीर शोधण्याचं काम आधीच सोपव, म्हणजे कुणी मागे राहणार नाही.

मुलांचे दोन-तीन नकाशे मला पाठव, जागेशी न जुळणारेसुद्धा.

तुझी,
मावशी