फक्त वर्तमानकाळ

घाईने शिकलेल्या भाषेत माणूस आधी भुकेला होतो, मग रस्ता चुकतो आणि मग माफी मागतो. प्रवासाला निघताना जी फ्रेंच शिकतात तिचे धडे याच क्रमाने लावलेले असतात. पाणी हवं आहे. स्टेशन कुठे आहे? क्षमा करा. भांडण, चहाडी, टोमणा, आठवण यांना त्या धड्यांत जागा नसते. अशी भाषा बोलणाऱ्याला फक्त गरजा असतात आणि सभ्यता असते.

भाची लियोंला शिकायला गेली आणि उन्हाळ्यात तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा हाताशी थोडेच आठवडे होते. पुण्यात फ्रेंच ही काही नवलाई नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती किती वर्षं शिकवली जाते आहे, आणि मार्क चांगले पडतात म्हणून अकरावीला फ्रेंच घेणारं मूल प्रत्येक सोसायटीत सापडतं. पण रीतसर वर्गाला बसायला वेळ नव्हता. मग मोबाइलवर धडे लावायचे, कणीक मळायची आणि वाक्यं मोठ्याने म्हणायची. परवचा म्हणत वाढलेल्या माणसाला ही रीत परकी वाटत नाही. आधी जीभ वळते, अर्थ मागून येतो.

जीभ वळली त्याचं श्रेय रत्नागिरीच्या आजोळाला. फ्रेंच निम्मी नाकातून बोलतात. 'अँ बों व्हँ ब्लाँ', म्हणजे एक चांगली पांढरी वाइन, एवढ्यात त्यांचे चारही अनुनासिक स्वर येऊन जातात. कोकणातल्या ओटीवर असे स्वर कानावरून गेलेले असले की ते फारसे अडत नाहीत. माझा सोलापूरचा नवरा मात्र प्रत्येक अनुस्वारावर 'न'चा खिळा ठोकायचा. लिहिण्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. पाखरांसाठी फ्रेंचमध्ये सात अक्षरं खर्ची पडतात, त्यांतलं एकही आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत नाही, आणि कानाला ऐकू येतं नुसतं 'वाझो'.

खरी कसोटी आकड्यांची. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. विसाविसांनी मोजायची ही जुनी चाल. पॅरिसला बास्तीयजवळ डोळ्यांचं एक इस्पितळ आहे, त्याचं नावच 'कँझ-व्हँ', पंधरा-वीस. तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी ती संस्था उभारली, म्हणून. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत, फ्रान्स मात्र बेरीज-गुणाकार सोडत नाही. नवरा यावर हसायचा. एकोणऐंशी म्हणताना ऐंशीतून एक वजा करणाऱ्यांनी किती हसावं, असं मी त्याला विचारलं.

लियोंच्या क्रुआ-रूस टेकडीवर सकाळचा बाजार भरतो. एके काळी इथे रेशीम विणणाऱ्यांचे माग होते. उंच मागांसाठी उंच छतं बांधलेली ती घरं अजून ओळखू येतात. पीचच्या ढिगापाशी उभी राहून मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. आधी 'बोंजूर', मग 'झ व्हूद्रे', मग 'सिल व्हू प्ले'. 'बोंजूर' आधी हवाच. दुकानात पाऊल टाकल्यावर, बसमध्ये चढताना, तिकिटाच्या खिडकीशी, जिथे तिथे. त्याशिवाय भाव विचारणं म्हणजे दार न वाजवता घरात शिरणं. बाईंनी पीच तोलले आणि विचारलं, 'ए आव्हेक ससी?' माझ्या धड्यांत हा प्रश्न नव्हता. नंतर भाचीने सांगितलं, 'आणखी काय देऊ?' असं तिथला प्रत्येक दुकानदार विचारतो. पाठ केलेल्या भाषेत आपले प्रश्न तयार असतात, समोरच्याची उत्तरं थोडीच पाठ करता येतात? दार उघडण्यापुरते शब्द असतात. उघडल्यावर आत जे बोलणं चाललेलं असतं, ते आपल्यासाठी थांबत नाही.

पण माझी खरी अडचण निराळी होती. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि घाईच्या फ्रेंचमध्ये भूतकाळ नसतो. मी आहे, मला हवं आहे, मी जाते, हे सुंदर आहे. फार तर 'मी जाणार आहे'. काल काय झालं ते सांगायला क्रियापदाची निराळी रूपं लागतात, आणि ती पुढच्या धड्यांत असतात, जिथवर मी पोचलेच नव्हते.

एका संध्याकाळी बेलकूर चौकात बाकावर शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. समोर चौदाव्या लुईचा घोड्यावरचा पुतळा. मला त्या चौकाची गोष्ट ठाऊक होती. १७९३ मध्ये लियोंने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर शहर जमीनदोस्त करायचा हुकूम निघाला, शहराचं नावसुद्धा काढून घेतलं आणि याच चौकातल्या धनिकांच्या इमारतींचे दर्शनी भाग पाडले. लुईचा जुना पुतळाही क्रांतीत गेला, आत्ताचा १८२५चा. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फळ्यावर लिहिताना त्यांच्या पोटातलं हे शहर मी मुलांना दरवर्षी सांगत आले. त्या गृहस्थांना मात्र मी एवढंच म्हणू शकले : 'चौक सुंदर आहे.' ते म्हणाले, हो, सुंदर आहे. त्यांनी पुढे बरंच काही सांगितलं, त्यातलं 'मुलगा' आणि 'पॅरिस' एवढंच माझ्या पदरात पडलं. मी 'वी, वी' म्हणत राहिले. त्यांच्या लेखी मी भारतातून आलेली, हसरी, फारसं काही ठाऊक नसलेली बाई असणार. त्यात त्यांचा काय दोष? माझं सगळं आयुष्य ज्या काळात घडलं, तो काळ माझ्या वाक्यांत नव्हता.

आणखी एक गोष्ट तिथे रोज घडायची. मी फ्रेंचमध्ये सुरुवात करायची आणि उपाहारगृहातला पोरगा दुसऱ्या वाक्याला इंग्रजीवर यायचा. तो माझी सोय बघत होता, त्याला घाईही होती. तरी दर वेळी वाटायचं, थांब जरा, माझं वाक्य पुरं होऊ दे. जो कोणी थांबायचा, माझं लंगडं वाक्य शेवटपर्यंत ऐकून सावकाश फ्रेंचमध्येच उत्तर द्यायचा, त्याने मला पाहुणी म्हणून आत घेतलं असं वाटायचं.

आणि हे इंग्रजीवर येणं मला अनोळखी नव्हतं. पुण्यात आपण सगळे तेच करतो. समोरच्याचं मराठी एका क्रियापदावर अडखळलं की आपण हिंदीवर येतो, त्याची सोय म्हणून, आपली घाई म्हणून. मग तो मराठी शिकत नाही अशी तक्रारही आपणच करतो. आमच्या सोसायटीतला वॉचमन आसामचा आहे. तो सुट्टीसाठी मराठी शिकलेला नाही, पोटासाठी शिकतो आहे, आणि त्याला धडे लावून द्यायला कोणी भाची नाही. 'काकू, पाणी येत नाही. टाकी भरतो. गाडी काढतो.' सगळं वर्तमानकाळात. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आमच्या फाटकाशीच जन्मला आणि टाकी भरण्यापलीकडे त्याला काही सांगायचं नसतं.

परवा मी त्याला मराठीतच विचारलं, गावी घरी कोण कोण असतं? तो आई म्हणाला, बहीण म्हणाला, मग नदीविषयी काही सांगू लागला आणि क्रियापदाशी अडकला. 'नदी येते...' एवढं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. हिंदी माझ्या ओठांवर आली होती, ती मी मागे सारली. 'आली,' मी म्हटलं, 'नदी आली.' 'नदी आली,' तो म्हणाला, आणि तिथून पुढे सांगू लागला.